मदत हवी आहे: बीफ आणि भाज्यांचं 'गाइसबुर्गर मार्श' सूप, मांस मऊ आणि रस्सा चवदार कसा होईल?

नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या श्टुटगार्टकडचं गाइसबुर्गर मार्श हे सूप घरी करायचं आहे, जाणकारांची मदत हवी आहे. बीफ खावं की नाही ही चर्चा इथे नको, एवढी विनंती.

माहीत नसलेल्यांसाठी: गाइसबुर्ग हा श्टुटगार्टचाच एक भाग. बीफचा स्वच्छ रस्सा, त्यात मांसाचे तुकडे, बटाटे, गाजर, लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी), सेलेरीचा कंद आणि श्पेत्झले, म्हणजे अंडी घातलेल्या मैद्याच्या जाडसर ओल्या शेवया. वरून लोण्यात तांबूस परतलेला कांदा आणि पार्सली. एक वाडगा घेतला की जेवण झालं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजींचा हा जीव की प्राण पदार्थ. माझी मुलगी लहान असताना आम्हा दोघांच्या ऑफिसच्या वेळा सांभाळून त्यांनी तिला पाहिलं आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना शेगडीपाशी फार वेळ उभं राहवत नाही. मला त्यांना हे सूप करून द्यायचं आहे, आणि ते त्यांच्या चवीचं व्हायला हवं. आलं-लसूण, हळद, गरम मसाला काही नको. दातांमुळे मांस अगदी बोटचेपं हवं. त्यांना कृती विचारली की "बराच वेळ शिजव, बाकी अंदाजाने" एवढंच सांगतात.

मटणाचा रस्सा मला चांगला जमतो, पण तिथे वाटण सगळं सावरून घेतं. इथे वाटणच नाही. सुपरमार्केटमधलं छान लाल, बिनचरबीचं मांस आणलं तर त्याचा चोथा होतो आणि रस्सा पाणचट लागतो. भाज्या सोबत घातल्या तर त्यांचा लगदा. स्टॉकचे चौकोनी तुकडे आजींना चालत नाहीत, मीठही बेताचं ठेवायचं आहे. तर मांस कुठलं घेऊ? कुकर लावू की पातेल्यात शिजवू? भाज्या कधी घालू? आणि श्पेत्झले विकतचे चालतील का?

प्रतिसाद १

बिनचरबीचं लाल मांस हेच चोथ्याचं कारण. सुपाला कष्टाचे स्नायू लागतात: पाय, मान, छाती. त्यात पांढऱ्या शिरा आणि पडदे भरपूर असतात. ते मंद आचेवर दोन-तीन तासांत विरघळून जिलेटिन होतं. त्यानेच मांस मऊ पडतं आणि रश्शाला अंग येतं. वाटणाची जागा तेच घेतं.

मेट्झगरकडे, म्हणजे खाटकाकडे, जाऊन 'बाइनशाइबे' मागा, म्हणजे नळीसकट आडवा कापलेला पायाचा काप. सहा जणांसाठी ते साधारण पाऊण किलो आणि छातीचं मांस अर्धा किलो घ्या. एखादी नळी जास्तीची मिळाली तर उत्तम.

मांस अख्खंच ठेवा, तुकडे नंतर. अडीच-तीन लिटर गार पाण्यात घालून हळूहळू तापवा. वर करडा फेस येईल तो झाऱ्याने काढत राहा. एकदा फेस थांबला की आच इतकी कमी करा की कडेला अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. खळखळ उकळू देऊ नका, त्याने मांस आवळतं आणि रस्सा गढूळ होतो.

एक मोठा कांदा सालासकट आडवा कापून कोरड्या जुन्या तव्यावर कापलेली बाजू पार काळी होईपर्यंत भाजा आणि तसाच पातेल्यात सोडा. वाटणाचा कांदा आपण भाजतोच, हे तुम्हाला नवीन नाही. रश्शाला सोनेरी रंग आणि खमंगपणा येतो. सोबत दहा-बारा मिरे, दोन लवंगा, एक तमालपत्र. हे तमालपत्र मात्र इथल्याच दुकानातलं घ्या. भारतातून आणलेलं वेगळ्या झाडाचं असतं, त्याला दालचिनीसारखा वास येतो आणि आजींना तो लगेच कळेल.

भाज्या दोन खेपांत. 'झुपनग्र्यून'ची जुडी मिळते ना, गाजर, लीक, सेलेरीचा कंद आणि पार्सली एकत्र बांधलेली? तशा दोन आणा. पहिली मोठे तुकडे करून शेवटच्या तासाभरात रश्शात घाला. ती फक्त अर्कापुरती, रस्सा गाळताना टाकून द्यायची. दुसरी बारीक चिरून ठेवा. मांस काट्याने सहज सुटायला लागलं की बाहेर काढा, रस्सा गाळा. गाळलेल्या रश्शात आधी बटाट्याच्या फोडी आणि सेलेरीचा कंद, सात-आठ मिनिटांनी गाजर, अगदी शेवटी लीक. बटाटे पिशवीवर 'फेस्टकोखेंड' लिहिलेलेच घ्या, ते फुटत नाहीत. मांस रेषांच्या आडवं कापून परत घाला, म्हणजे आजींना चावायला धागे लांब लागणार नाहीत. मीठ या टप्प्यावर, चाखत चाखत. चिमूटभर जायफळ.

आणि लीबश्ट्योकेल! पानं कोथिंबिरीच्या जातीची, वास थेट मॅगीच्या काळ्या सॉसचा. दोन-तीन पानं घातली की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही.

प्रतिसाद २

कुकरही चालतो हो. नोकरी सांभाळून तीन तास कोण उभं राहणार! फेस मात्र उघड्या कुकरमध्येच काढून घ्या, मग झाकण लावा. प्रेशर आल्यावर मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. घाईने वाफ सोडली तर आतला रस्सा एकदम उसळतो आणि मांस कोरडं पडतं. रस्सा थोडा गढूळ होईल, चवीत कमी नाही. भाज्या मात्र कुकरमध्ये नकोच.

प्रतिसाद ३

श्पेत्झले विकतचे आणू नका, इतकं सोपं आहे. ४०० ग्रॅम मैदा, ४ अंडी, मीठ आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण कप. चमच्यावरून जड, सावकाश पडेल इतपत सैल पीठ, बुडबुडे येईपर्यंत फेटायचं. वीस मिनिटं झाकून ठेवा. घरी सोऱ्या आहे ना? जाड शेवेची चकती लावून थेट उकळत्या मिठाच्या पाण्यात पाडा. वर तरंगले की झाऱ्याने काढा. माझ्याकडे इथलं खास यंत्र आहे, तरी मी सोऱ्याच वापरते, धुवायला सोपा.

धागाकर्ती

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! सोऱ्या आहे, आईने दिलेला पितळेचा. शनिवारी मेट्झगरकडे जाते. एकच शंका: आजींना रविवारी दुपारी द्यायचं आहे, तर आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल काय, जास्त चांगलं लागेल. शनिवारी रस्सा आणि मांस एवढंच करा. गाळलेला रस्सा पातेलं गार पाण्यात ठेवून पटकन निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असेल, तो चमच्याने उचलून काढता येतो. खालचा रस्सा जेलीसारखा थलथलला तर समजा मांस बरोबर निवडलंत. भाज्या रविवारी ताज्या शिजवा. श्पेत्झले वाढतानाच वाडग्यात घाला, सुपात राहिले की फुगतात आणि रस्सा पिऊन टाकतात. कांदा तर अगदी शेवटी, आजींच्या दारात जाण्याआधी.