मदत हवी आहे: दात्याचा कॉर्निया आतून कापावा की समोरून?

नमस्कार मंडळी. मी नेत्ररोगशास्त्रात एम. एस. करते आहे, दुसरे वर्ष. कॉर्निया (डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा) प्रत्यारोपणातली एक गोष्ट नीट उमगत नाहीये.

दात्याचा कॉर्निया आम्ही उलटा ठेवून, म्हणजे एंडोथेलियमच्या (आतल्या पेशीथराच्या) बाजूने, पंच करतो, म्हणजे गोल पात्याने दाबून चकती कापतो. रुग्णाचा मात्र समोरून ट्रेफाइनने (गोल पात्याच्या उपकरणाने) कापला जातो. पाते एकाच मापाचे असले तरी आतून कापलेली चकती किंचित लहान भरते. म्हणून रुग्णाला 7.5 मिमी असेल तर दात्याची 7.75 घेतात. केराटोकोनसमध्ये (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो त्या आजारात) मात्र सर कधी कधी दोन्ही एकाच मापाचे घेतात, मायनस नंबर कमी राहावा म्हणून. इथवर कळले.

माझी अडचण कडांची आहे. कृत्रिम अग्रकक्षावर (दात्याचा कॉर्निया धरून आतून द्रवाचा दाब देणाऱ्या उपकरणावर) बसवून दात्याचा कॉर्नियाही समोरून कापला, तर कडा रुग्णाच्या कडांशी जास्त जुळतात असे शिकले. पण त्या कक्षातला दाब कमी-जास्त झाला तर काप तिरका जातो का? आणि सिलिंड्रिकल नंबर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा) समोरून कापल्यामुळे खरेच कमी होतो, की शेवटी 10-0 नायलॉनच्या (अतिशय बारीक धाग्याच्या) टाक्यांचा ताणच तो ठरवतो? परवा एका तरुण रुग्णाचे टाके काढले आणि नंबर एकदम बदलला. बिचारा फार घाबरला होता, त्याला मला नीट उत्तर देता आले नाही.

दोन्ही पद्धती स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.