मदत हवी आहे: हिशेबाच्या कामातून ऑनलाइन मार्केटिंगमध्ये येताना आधी काय शिकावे?

नमस्कार.

मी ११ वर्षे हिशेब विभागात काम केले आहे आणि माझे वय ३७ आहे. गेल्या वर्षी आमच्या कंपनीत जाहिरातींचे काम पाहणाऱ्या सहकारी नोकरी सोडून गेल्या, तेव्हा "तुम्हाला आकडे समजतात" एवढ्या एकाच कारणावरून गूगल ॲड्सचे खाते माझ्याकडे देण्यात आले. ते काम मला इतके आवडले आहे की आता पूर्णवेळ याच क्षेत्रात यावे असे वाटते. परंतु त्याआधी ज्यांनी यात काही वर्षे काढली आहेत त्यांचा सल्ला हवा आहे.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण माझे प्रश्न तिच्यातूनच निघाले आहेत. आम्ही कार्यालयीन फर्निचर बनवतो. चौकशीचा अर्ज भरला गेला की त्याची कन्व्हर्जन (जाहिरातीतून साधलेले यश) म्हणून नोंद व्हावी, असे मला हवे होते. प्रत्यक्षात मी ती नोंद अर्जाचे पान नुसते उघडण्यावर लावून ठेवली. बोली लावण्याचे, म्हणजे क्लिकसाठी किती पैसे देऊ करायचे हे ठरवण्याचे, काम गूगलच्या यंत्रणेवर सोपवलेले असल्यामुळे तिने पान उघडून परत जाणारी माणसे शोधून आणण्याचा सपाटाच लावला. सहा आठवड्यांच्या अहवालात १४० कन्व्हर्जन दिसत होती आणि विक्री विभागाकडे आलेल्या चौकश्या होत्या ९. शिवाय कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते) ब्रॉड मॅचवर, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दिसेल असे, ठेवल्यामुळे, ज्यांना खुर्ची दुरुस्त करून हवी होती किंवा जुने टेबल विकायचे होते, त्यांच्या क्लिकचेही पैसे आम्ही भरले. लोकांनी प्रत्यक्ष काय शोधले ते दाखवणाऱ्या सर्च टर्म्सच्या अहवालात हे पहिल्या आठवड्यापासून दिसत होते. असा अहवाल असतो, हेच मला ठाऊक नव्हते.

आता प्रश्न. एसईओ (शोधाच्या निकालांत संकेतस्थळ वर आणणे), सर्चवरील जाहिराती, सोशल मीडिया, ईमेल आणि ॲनालिटिक्स (संकेतस्थळावरील भेटींचे मोजमाप) हे सर्व थोडेथोडे शिकावे, की एकच शाखा धरून तिच्यात खोलवर जावे? गूगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावरील दोन मोफत प्रमाणपत्रे मी मिळवली आहेत, पण वरची चूक मी ती मिळवल्यानंतर केली, त्यामुळे प्रमाणपत्रांवरचा माझा विश्वास थोडा उडाला आहे.

दुसरी शंका या क्षेत्राच्या टिकाऊपणाविषयी आहे. युनिव्हर्सल ॲनालिटिक्स हे गूगलचे भेटी मोजण्याचे जुने साधन शिकलेल्यांना १ जुलै २०२३ रोजी ते बंद झाल्यावर त्याच्या जागी आलेले जीए४ नव्याने शिकावे लागले. मे २०२४ पासून गूगल काही शोधांच्या माथ्यावर एआयने तयार केलेले उत्तर दाखवू लागले आहे, आणि उत्तर तिथेच मिळाले तर संकेतस्थळापर्यंत कोण येणार? जाहिरातीचा मजकूर, बोली आणि प्रेक्षकांची निवड यंत्रच करणार असेल, तर माझ्यासारख्या उशिरा येणाऱ्याने काय शिकले म्हणजे पाच वर्षांनीही त्याचा उपयोग राहील?

प्रतिसाद १

मी बारा वर्षे या क्षेत्रात आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या चुकीतच आहे. यंत्रणेने काम चोख केले. तिला "यश म्हणजे काय" हे चुकीचे सांगितले गेले होते. बोली लावणे आणि मजकुराचा पहिला खर्डा लिहिणे ही कामे यंत्राकडे गेली आहेत आणि ती परत येणार नाहीत, म्हणून केवळ तेवढेच येणाऱ्या नवशिक्यांसाठी जागा कमी होत आहेत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण कोणती नोंद मोजायची, ती खरी आहे का आणि तिच्यातून नफा होतो का, हे ठरवणारी माणसे मला तरी पुरेशी भेटलेली नाहीत.

इथे हिशेबाची पार्श्वभूमी कामी येते. समजा, जाहिरातीवर १०० खर्च करून ४०० ची विक्री झाली. अहवालात रोआस (खर्चाच्या किती पट विक्री झाली तो आकडा) ४ दिसतो आणि बैठकीत सगळे खूश होतात. मालावरचा नफा २० टक्के असेल, तर हाती ८० आले आणि २० चा तोटा झाला. हे गणित मांडण्यासाठी कोणताही अभ्यासक्रम लागत नाही, तरीही ते न मांडता वर्षभर चालवलेल्या मोहिमा मी पाहिल्या आहेत.

म्हणून माझे मत असे की सर्चवरील जाहिराती आणि मोजमाप हे दोन विषय एकत्र धरा. जीए४, टॅग मॅनेजर (नोंदी घेणारे कोड संकेतस्थळावर बसवण्याचे साधन), यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणारी दुव्यातील खूण) आणि निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते) एवढे हाताखालून गेले की बाकीच्या शाखा समजायला सोप्या जातात. एसईओसाठी सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात आपले संकेतस्थळ कसे दिसते ते सांगणारे साधन) वाचता येणे पुरेशी सुरुवात आहे. एआयच्या उत्तरांचा फटका मुख्यतः "अमुक म्हणजे काय" अशा माहितीपर पानांना बसतो; ज्याला चाळीस खुर्च्या घ्यायच्या आहेत, तो दर विचारायला विक्रेत्याकडे येतोच.

आणि लिहायला शिका. विक्री विभागातील सहकाऱ्यांजवळ आठवडाभर बसून ग्राहक फोनवर काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. चांगल्या जाहिरातीचे निम्मे शब्द तिथेच मिळतात.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्दे पटले, पण हिशेबातून येणाऱ्यांना एक गोष्ट जड जाते. खतावणी जुळलीच पाहिजे, ही सवय इथे त्रास देते. एकाच विक्रीचे श्रेय गूगलही घेते आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवाली मेटाही घेते, त्यामुळे दोन्ही अहवालांची बेरीज प्रत्यक्ष विक्रीपेक्षा जास्त निघू शकते. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनच्या प्रणालीची आयओएस १४.५ ही आवृत्ती आल्यापासून इतर कंपन्यांच्या ॲप्समध्ये आणि संकेतस्थळांवर माग काढण्यासाठी प्रत्येक ॲपला आयफोनधारकाची परवानगी मागावी लागते, त्यामुळे बऱ्याच नोंदी आता मिळतच नाहीत. अपुऱ्या आकड्यांवर निर्णय घेऊन त्याची कारणे लिहून ठेवणे, हेही एक कौशल्य आहे.

नोकरी मात्र लगेच सोडू नका. तुमच्याकडे चालू खाते आणि खरा खर्च आहे. नवशिक्यांना नेमके तेच मिळत नाही. चूक कशी सापडली, काय बदलले आणि नंतर काय झाले हे दोन पानांत लिहा. मुलाखतीत मी ती दोन पाने प्रमाणपत्रांच्या आधी वाचेन. फक्त कंपनीचे आकडे बाहेर दाखवण्यापूर्वी परवानगी घ्या.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. खतावणीचा मुद्दा अगदी वर्मी लागला. गेले दोन महिने मी तेच जुळवत बसलो होतो. कन्व्हर्जनची नोंद आता अर्ज पाठवल्यानंतरच होते. एक शेवटची शंका: आमच्याकडे चौकशीपासून ऑर्डरपर्यंत साधारण दोन महिने जातात. मग पक्क्या झालेल्या ऑर्डरींची नोंद गूगल ॲड्समध्ये भरून यंत्रणेला तेच लक्ष्य द्यावे का?

प्रतिसाद १ चे लेखक

ऑर्डरी जरूर भरा, पण क्लिकपासून ९० दिवसांच्या आत. त्यानंतर त्या स्वीकारल्या जात नाहीत. बोलीचे लक्ष्य म्हणून मात्र त्या सध्या वापरू नका, कारण सहा आठवड्यांत चौकश्याच ९ येत असतील, तर ऑर्डरी त्याहून कमी असणार आणि तेवढ्यावरून यंत्रणेला काही शिकता येणार नाही. विक्री विभागाने "ही चौकशी खरी आहे" असा शेरा मारलेल्या नोंदी वेगळ्या भरा आणि पहिले काही महिने त्यांनाच लक्ष्य करा. तो शेरा कोणत्या निकषावर मारायचा, हे विक्री विभागाशी बसून आधी ठरवून घ्या.