कॉलेजात कानावर पडलेली मुक्ताफळं

लेक्चरमध्ये काय शिकवलं ते फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही, पण मागच्या बाकावरून कोण काय बरळलं ते मात्र शब्दन् शब्द आठवतं. तर तसली मुक्ताफळं इथे उधळा. लॅबमधली, लायब्ररीतली, परीक्षेआधी जिन्यात ऐकलेली, कुठलीही चालतील. नावं नकोत आणि फॉरवर्ड होऊन आलेले विनोद तर अजिबातच नकोत, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं लिहा. सुरुवात मीच करते.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, आवाज एकदम भारदस्त, त्यामुळे काहीही बोलला तरी खरंच वाटायचं. उन्हाळा का होतो यावर त्याचं म्हणणं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, विषय संपला. कुणीतरी म्हणालं अरे मग त्याच वेळी ऑस्ट्रेलियात थंडी कशी काय? तर एक सेकंदही न थांबता, "ते खाली आहेत ना, त्यांच्यापर्यंत ऊन पोचायला सहा महिने लागतात." आणि दोनतीन जणांनी चक्क माना डोलावल्या! सूर्याचा प्रकाश साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत इथवर येतो आणि पुढे ऑस्ट्रेलियाला जायला सहा महिने, म्हणजे मधे कुठेतरी मुक्कामच ठोकत असणार. त्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, अंदाजे १४.७ कोटी किमी, आणि जुलैत सगळ्यात लांब, १५.२ कोटी. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे. एका मैत्रिणीने हे सगळं त्याला ऐकवलं तर म्हणाला, "ते पुस्तकातलं झालं."

—

"ते पुस्तकातलं झालं" हे मी आता ऑफिसात वापरणार!

माझा किस्सा केमिस्ट्री प्रॅक्टिकलचा. डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, शेजारच्या टेबलावर एकीने विचारलं की साधं पाणी घेऊ का? दुसरी म्हणे, "घे की, त्यात कुठे केमिकल असतं." त्यावर पहिली, अगदी समजावणीच्या सुरात, "अगं नाही, साध्या पाण्यात एच टू ओ असतो, डिस्टिल्डमधून तो काढून टाकतात." लॅब अटेंडंट काका तिथेच उभे होते. काही न बोलता त्यांनी बर्नर बंद केला आणि बाहेर निघून गेले.

—

पाण्यावरून आठवलं. १९९७ साली अमेरिकेत १४ वर्षांच्या एका मुलाने शाळेत प्रयोग केला होता, डायहायड्रोजन मोनॉक्साइड नावाच्या रसायनाची माहिती ५० मुलांना दिली, नाकात गेलं तर जीव जाऊ शकतो, लोखंड गंजवतं, आम्लवर्षेत सापडतं वगैरे, सगळं खरंच, आणि विचारलं बंदी घालायची का? ४३ जण हो म्हणाले. रसायन म्हणजे अर्थातच पाणी.

हा काही माझा अनुभव नाही, अनुभव पुढे आहे. हेच आमच्या होस्टेलवर एकाने करून बघितलं. बरेच जण बंदीच्या बाजूने झाले, मग त्याने ते पाणी आहे म्हणून फोडलं, सगळे हसले, आणि एक महाशय मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तरीपण बंदी घालून उपयोग नाही. लोक चोरून पितीलच."

—

चोरून पितीलच 😂 मेलो.

आमच्या क्लास रिप्रेझेंटेटिव्हचं छोटंसं. निकालानंतर भाषण ठोकलं, "वर्गातली निम्मी मुलं सरासरीच्या खाली आहेत, लाज वाटली पाहिजे, पुढच्या सेमिस्टरला प्रत्येक जण सरासरीच्या वर दिसला पाहिजे." टाळ्या पडल्या. स्टॅटिस्टिक्सचा वर्ग होता.

—

बसस्टॉपवर दोन मुलं. एक म्हणतो आज शून्य डिग्री आहे आणि उद्या याच्या दुप्पट थंडी पडणारे म्हणे. दुसरा थोडा विचार करून, "मग काय टेन्शन, शून्याची दुप्पट शून्यच." मला तर हे लॉजिक आवडलंच. खरं गणित मांडायचं तर केल्विनमध्ये मोजावं लागेल, शून्य सेल्सिअस म्हणजे २७३.१५ केल्विन, ते निम्मं केलं की उणे १३६ सेल्सिअसच्या आसपास येतं, तेव्हा त्या पोराचं उत्तर चुकीचं असलं तरी जास्त राहण्यासारखं आहे.

—

मी शिकवतो, त्यामुळे माझा साठा मोठा आहे :)

पूर्वी एक प्रकार हमखास व्हायचा. सबमिशनच्या दिवशी पेनड्राइव्ह लावायचा आणि आत एकच फाइल, साइज एक की दोन केबी. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी करून आणलेला असायचा. "सर, घरी उघडत होतं, तुमच्या कॉम्प्युटरलाच प्रॉब्लेम आहे." तो जमाना गेला. आता रिपोर्ट एआयकडून लिहून घेतात, आणि वर पहिली ओळ तशीच राहून जाते, "नक्कीच! हा घ्या तुमचा रिपोर्ट." त्याचंही काही नाही, पण मागे स्टाफरूमच्या दाराशी दोघांचं चाललेलं ऐकलं. एक घाबरलेला, अरे यातले संदर्भ खोटे निघाले तर? दुसरा अगदी निर्धास्त, "खोटे कसे असतील, मी त्यालाच विचारलं सगळे खरे आहेत का, तो हो म्हणाला." मी दार उघडलंच नाही, म्हटलं व्हायव्हाला भेटूच. व्हायव्हात त्याला म्हटलं यातला एक पेपर काढून दाखव बरं, तर म्हणतो, "सर, तो फार जुना पेपर आहे, म्हणून अजून नेटवर आलेला नाही."

—

सरांचा साठा अजून येऊ द्या प्लीज.

मला जरा वेगळं सांगायचंय. इतिहासाच्या तासाला एकीने विचारलं, पहिलं महायुद्ध चालू असताना लोकांना ते पहिलं आहे हे कसं कळलं? सगळा वर्ग फिदीफिदी. मॅडम मात्र हसल्या नाहीत, त्यांनी सांगितलं की तेव्हा बहुतेक लोक त्याला ग्रेट वॉर म्हणजे मोठं युद्धच म्हणायचे, १९३९ ला दुसरं पेटलं आणि मग आकडे कायमचे चिकटले. आता यात वेडगळ काय होतं? खरं मुक्ताफळ तर हसणाऱ्यांतल्या एकाने तास संपल्यावर टाकलं, "एवढं काय त्यात, तारखा आधीच ठरलेल्या असतात."

—

माझ्या रूममेटचा वाढदिवस २९ फेब्रुवारीचा. त्यावरून गप्पा चालल्या होत्या, कुणी म्हणालं की शंभराने भाग जाणारी वर्षं लीप नसतात, चारशेने गेला तरच, म्हणून २००० होतं आणि १९०० नव्हतं. कोपऱ्यातली एक बराच वेळ गप्प, आणि मग खरंच काळजीच्या सुरात, "मग त्या वर्षी २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं काय झालं?"