प्रतिसाद: उजेड सहन होत नाही, लेसिक करू की चष्माच ठेवू?

लेसिकने (कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, आकार देणारी लेझर शस्त्रक्रिया) नंबर जातो, उजेडाचा त्रास जात नाही. आधी त्याचं कारण शोधा. बरेचदा ते कोरडे डोळे किंवा मायग्रेन असतं. लेसिकमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, म्हणून कोरडेपणा काही महिने वाढतो आणि उजेड जास्तच टोचतो.

डोळ्यात पाणी किती बनतं ते मोजणारी शिर्मर चाचणी करून घ्या: खालच्या पापणीत कागदाची पट्टी, ५ मिनिटं. ओल ५ मिमीपेक्षा कमी भरली तर लेसिकचा विचार तूर्त बाजूला. अंधारात बाहुली किती मोठी होते तेही मोजायला सांगा. फार मोठी असेल तर रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. टोपोग्राफीआधी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे बंद, नाहीतर मोजमाप चुकतं. नंबर वर्षभर स्थिर हवा, हे वेगळं सांगायला नकोच.

चष्म्यात फोटोक्रोमिक (उन्हात आपोआप गडद होणारी) काच गाडीत फारशी काळी होत नाही, कारण समोरची काच अतिनील किरण अडवते. ड्रायव्हिंगला वेगळा पोलराइज्ड (परावर्तित चकाकी कमी करणारा) गॉगल नंबरात बनवा. ट्यूबलाइट, स्क्रीन खुपत असेल तर चष्म्याच्या काचेला एफएल-४१ ही गुलाबीसर छटा. घरात मात्र काळा गॉगल नको. डोळ्यांना अंधाराची सवय लागते आणि त्रास वाढतो.