घर रिकामं करताना: तुमचे अनुभव लिहा

मोडवाला:
बेळगावात जुनं घरसामान विकून द्यायचं काम करतो मी. म्हातारी माणसं गेली, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, घर विकायचं ठरलं की फोन येतो. भावाचं काही अवघड नाही हो, तांबं-पितळ वजनावर जातं, सागवानाला गिऱ्हाईक आहेच. पण चष्म्याची डबी कुठल्या ढिगात टाकायची ते सांगा. मागल्या महिन्यात टिळकवाडीत एक तांब्याचं घंगाळ काट्यावर चढवलं, काठावर ठोक्यांनी नाव घातलेलं, साल 1961, लग्नाचा आहेर. लेक म्हणतेय, "घेऊन जावा की," आणि कडी काय सोडेना! मी घंगाळ खाली ठेवलं नि चहा मागितला, दुसरं काय सुचणार. विकणारे, घेणारे, सगळ्यांनी लिहा.

शहापूरकर:
आमच्या घरात खड्ड्याचा हातमाग होता. आजोबा पाय खाली सोडून बसायचे, आम्ही पोरं त्या खड्ड्यात लपायचो. बाबा गेल्यावर माग जळणाच्या भावानं गेला, खड्डा बुजवायला किती बुट्ट्या माती लागली मोजलं नाही, वर फरशी बसली. मागाचा धोटा, आडवा धागा नेणारा, तो मात्र मी ढापला. भावाला अजून माहीत नाही, इथं वाचत असला तर असू दे.

माहेर निपाणी:
माझं लग्न 1997 चं. कर्नाटकात तोवर लग्न न झालेल्या लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा 1994 च्या दुरुस्तीनंच आला, केंद्राचा कायदा त्यानंतर, 2005 ला. म्हणजे माझा हक्क होता, तरी हक्कसोडवर मी मुकाट सही केली, सोनंही एका संध्याकाळी वाटून झालं. भांडण कशावरून? आईच्या पुरणयंत्रावरून! वहिनीनं ते मोडीत घातलं, मला विचारलं पण नाही. तीन वर्षं बोलणं बंद होतं. लोक म्हणतात, नवीन घे की. पुरण वाटायला पाहिजे होतं काय मला ते?

खानापूर रोड:
मी घेणारा. जुनं लोखंडी कपाट घेतलं, दाराच्या आत पेन्सिलीनं दुधाचा हिशोब, "3 ता. नाही, 9 ता. अर्धा". विकणाऱ्याला फोटो पाठवला तर बराच वेळ काही नाही, मग मेसेज आला, "रंग देणार काय?" बाहेरून दिला, आतून नाही.

अक्काचा नातू:
शेजारच्या कन्नड अज्जींना आमचा खलबत्ता असाच देत होतो. त्या ऐकेनात, "रोक्का तगो," म्हणून हातात शंभराची नोट कोंबली. ती अजून खर्चली नाही.

शहापूरकर:
मोडवाले, घंगाळाचं काय झालं ते सांगा की.

मोडवाला:
बाईंनी शेवटी दिलं, पण वितळवायचं नाही या बोलीवर. दोन गिऱ्हाईकं परत पाठवली मी, धंद्याचं नुकसान ते वेगळंच. काल एकजण अंगणात झाड लावायला घेऊन गेला. बाईंना फोन करून सांगितलं तर पलीकडनं पहिला प्रश्न, "कसलं झाड?"