‘ऑर्गॅनिक’ म्हणजे निव्वळ ‘बिनरासायनिक’ आहे का?

धागाकर्ता (यवतमाळ):
निंबोळी अर्काच्या बाटलीपासून हळदीच्या पाकिटापर्यंत ‘ऑर्गॅनिक’ हे विशेषण छापलेले दिसते आणि त्याचा अर्थ सर्रास ‘बिनरासायनिक’ असा घेतला जातो. तो मला अपुरा वाटतो. मूळ ग्रीक ‘ऑर्गानॉन’ म्हणजे हत्यार, साधन. त्यावरून देहाचे काम करणारा अवयव तो ‘ऑर्गन’. शेतीच्या संदर्भात हा शब्द १९४० साली इंग्लंडमध्ये लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी रूढ केला, तो अवघे शेत हा एक सजीव देह आहे या अर्थाने. शेण वावरात जावे, तुरीचे कुटार ढोरांनी खावे, म्हणजे सारे अवयव एकमेकांना पोसतील. युरियाची गोणी सोडून तिच्या जागी कृषी केंद्रातून बाटलीबंद जैविक औषधे आणली, तर या अर्थाने ते शेत ऑर्गॅनिक होत नाही.

रसायनशास्त्राचा शिक्षक (अकोला):
मूळ अर्थाचा आग्रह धरायचा, तर कोणत्या मुळाचा? शेतीच्या कितीतरी आधी रसायनशास्त्राने हा शब्द घेतला होता. सजीवांपासून मिळणारे पदार्थ ते ऑर्गॅनिक आणि ते प्रयोगशाळेत बनूच शकत नाहीत, असा समज होता. १८२८ साली फ्रीडरिख व्होलर यांनी तो समज हादरवला आणि कृत्रिमरीत्या बनवलेला तो पदार्थ युरियाच होता. पुढे ‘कार्बनची संयुगे’ अशी व्याख्या स्थिरावली, म्हणून पाठ्यपुस्तकात युरिया आजही ऑर्गॅनिक संयुग आहे. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो. १९४० सालापाशी त्याला थांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

कापूस उत्पादक (वर्धा):
धागाकर्त्यांशी माझा विरोध अधिक ठाम आहे. २००१ पासून देशात प्रमाणीकरणाचे राष्ट्रीय निकष आहेत. हंगामी पिकांसाठी दोन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून ऑर्गॅनिककडे वळण्याचा काळ, पाळावा लागतो, जनुकीय बदल केलेले बीटी बियाणे चालत नाही आणि खत-औषधाची नोंदवही ठेवावी लागते. हे तपासता येते, म्हणून जास्तीचा भाव मागता येतो. ‘सजीव देह’ कोणता निरीक्षक तपासणार? शिवाय ज्याने बैलजोडी विकली, ज्याच्या गोठ्यात एकही ढोर नाही, त्या तीन एकरवाल्याने काय करावे? तुमची व्याख्या त्याला दारातूनच परत पाठवते आणि हे मला अन्यायाचे वाटते.

धागाकर्ता:
गोठ्याबद्दलचा आक्षेप रास्त आहे. शेणाची देवघेव शेजाऱ्यांमध्ये होऊ शकते, म्हणजे देह एका सातबाऱ्यापुरता न मानता गावाचा मानावा, असे मी म्हणेन. प्रमाणपत्रालाही माझा विरोध नाही, परंतु ते काय वापरले नाही याची ग्वाही प्रामुख्याने देते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे सुभाष पाळेकर ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द नाकारून ‘नैसर्गिक’ म्हणतात, कारण विकतचे गांडूळखतही त्यांना मान्य नाही. अर्थ इतका आक्रसला नसता, तर वेगळ्या शब्दाची गरज इतकी भासली नसती.

कापूस उत्पादक (वर्धा):
गावाचा देह मानायचा असेल, तर माझा विरोध बराच कमी होतो. मात्र खरेदीदाराला दाखवायच्या कागदावर आजचाच अर्थ राहिला पाहिजे, यावर मी कायम आहे.