बे एरिया (सॅन फ्रान्सिस्को परिसर): घरं बांधू देणाऱ्या उमेदवारालाच मत द्यायचं का?

मोगरा_सॅनमटेओ
मतपत्रिका टपालाने आली. नेहमीप्रमाणे नवऱ्याने वरचा भाग भरला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "खालचं तू बघ, त्यातलं मला कोणी माहीत नाही." खालचं म्हणजे सिटी कौन्सिल आणि ती सगळी 'मेझर', म्हणजे मतदारांनी थेट हो-नाही ठरवायचे गावाचे प्रस्ताव.

मला तर खालचंच महत्त्वाचं वाटतं. राष्ट्राध्यक्ष कोण होणार यात कॅलिफोर्नियातल्या माझ्या एका मताने काडीचा फरक पडत नाही. कॅलट्रेनच्या (आमच्या लोकल गाडीच्या) स्टेशनाशेजारी पाच मजले होणार की दहा, हे मात्र खालच्या भागात ठरतं. आमच्या सॅन मटेओत १९९१ मध्ये मतदारांनीच इमारतींच्या उंचीला लगाम घातला. बहुतेक ठिकाणी ५५ फूट, त्यावर नाही. २०२० मध्ये 'मेझर वाय'ने तो लगाम आणखी दहा वर्षांसाठी आवळला. किती मतांनी? ४३! आमच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. स्टेशनाजवळ थोडी मोकळीक द्यायला मग २०२४ चं 'मेझर टी' यावं लागलं.

माझा नियम साधा आहे. "मी घरांच्या बाजूचाच आहे, पण गावाचा तोंडवळा जपला पाहिजे" असं म्हणणाऱ्या उमेदवाराला मत नाही. कुठल्या जागेवर, किती मजले, ते सांग. तुम्ही काय करता?

जुना_कूपर्टिनोकर
मोगराताई, मी नेमका त्या तोंडवळावाल्यांना मत देतो आणि त्याची लाज वाटत नाही. १९९७ मध्ये घर घेतलं. दोघांचे पगार त्यात गेले, चार वर्षं भारतात जाणं झालं नाही. शाळा बघून घेतलं, झाडं बघून घेतलं. आता पंचविशीतली पोरं येऊन सांगतात की तुमचं अंगण म्हणजे अन्याय आहे.

आणि मताचं म्हणाल तर आमच्या कूपर्टिनोचा व्हाल्को मॉल आठवा. २०१६ मध्ये मॉलच्या जागी नवं बांधकाम करायचं बिल्डरचं 'मेझर डी' आम्ही मतांनी पाडलं. २०१७ मध्ये सॅक्रामेंटोने, म्हणजे राज्याने, घरबांधणीला वाट करून देणारा एसबी ३५ कायदा केला, २०१८ मध्ये बिल्डर त्याच कायद्याखाली २,४०२ घरांचा आराखडा घेऊन आला, आणि गावाला 'नाही' म्हणायची सोयच उरली नाही. मॉल पाडला, पुढे कितीतरी वर्षं तिथे नुसतं कुंपण. घरंही नाहीत आणि मॉलही नाही!

ढब्बू_मिरची
काका, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच दिवशी तुमच्या बाजूचं, तिथल्या बांधकामाला लगाम घालणारं 'मेझर सी' पण पडलं होतं. म्हणजे लोकांना बिल्डर नको होता, तसा तुमचा अडसरही नको होता. आणि त्या २,४०२ मधली निम्मी घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी होती, ते गाळलंत.

शाळेचं तर बोलूच नका. पट घसरला म्हणून कूपर्टिनोत २०२२ मध्ये प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या. ज्या शाळेपायी घर घेतलं, तिथे मुलं यायची तर त्यांच्या आईबापांना घर नको का परवडायला?

जुना_कूपर्टिनोकर
मुलं कमी झाली याला जन्मदरही कारण आहे. सगळं खापर माझ्या अंगणावर नको.

अल्टामाँट_वारकरी
मी मत देऊ शकत नाही. अकरा वर्षं एच१बीवर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. सनीवेलचं भाडं झेपेना म्हणून माउंटन हाउसला गेलो, आता पहाटे पाचला अल्टामाँटची खिंड चढतो. वारी रोजची आहे, विठोबा तेवढा दिसत नाही. इथल्या मराठी मंडळींत माझ्यासारखे किती असतील बघा. आम्ही कुठे राहायचं हे काकांच्या मतावर ठरतं. (काका, राग नाही. तुमच्याकडच्या दिवाळी फराळाला येणारच.)

लाल_मुंगी
दोन्ही बाजूंना थोडं टोचते. 'घरं हवीत' म्हणणारे उमेदवार बिल्डरांच्या पैशावर निवडून आले तर कुठली घरं बांधतील? शाळेतल्या शिक्षिकेला परवडणारी नक्कीच नाही. त्यासाठी सरकारी पैसा लागतो, म्हणजे बाँड (सरकारी कर्जरोखे), आणि इथे घरांसाठीच्या स्थानिक बाँडला दोन तृतीयांश मतं लागतात. २०२४ मध्ये प्रॉप ५ ने (राज्यभराच्या मतदानाला आलेला प्रस्ताव) घरांच्या बाँडसाठी ती अट ५५ टक्क्यांवर आणायचं म्हटलं, तर राज्यातल्या मतदारांनी आपटलं. बे एरियाचा २० अब्ज डॉलरचा बाँड तर मतदानाआधीच मागे घेतला. मजल्यांवर भांडायला सगळे हजर, पैशाच्या वेळी कोणी नाही.

मोगरा_सॅनमटेओ
बाँडचं मान्य. पण शिक्षकांचंच उदाहरण घ्या. मेन्लो पार्कमध्ये बंद शाळेच्या जागेवर शिक्षकांसाठी घरं बांधायचं शाळामंडळाने ठरवलं. लगेच २०२२ मध्ये 'मेझर व्ही' आलं: बंगल्यांच्या भागातलं झोनिंग (कुठे काय बांधता येईल याचे नियम) बदलायचं तर दर वेळी गावाचं मतदान घ्या. तिथे बिल्डरचा नफा नव्हता, तरी विरोध झालाच. मतदारांनी ते सपशेल पाडलं म्हणून बरं.

गिरगावचा_पाहुणा
सध्या मुलीकडे सॅन होजेला आलोय. इथल्या घरपट्टीचा नियम, तुमचं प्रॉप १३, ऐकून हसू आलं. १९७८ पासून कर खरेदीच्या किमतीवर, वाढ वर्षाला फार तर २ टक्के. म्हणजे काका जो कर भरतात त्याच्या कितीतरी पट शेजारचा नवा माणूस भरतो. अहो, ही आमची पागडीच! १९४७ चा भाडे कायदा, आत आहे तो सुखी, बाहेरच्याने विरारला जावं. आतला माणूस वाईट नसतो, त्याला हलायचं कारणच नसतं.

पण उत्साहाच्या भरात एक ध्यानात ठेवा. आमच्या चाळी पाडून टॉवर आले, रस्ते तेवढेच राहिले. उमेदवाराला मजल्यांबरोबर नळाचंही विचारा.

जुना_कूपर्टिनोकर
पाहुणे, पागडीची उपमा झोंबली, पण चूक नाही म्हणवत. तरी मत माझं तेच.

ढब्बू_मिरची
@मोगरा, ४३ मतांचं वाचून राहवत नाही. २०२० मध्ये तुम्ही 'वाय'ला काय केलं होतं?

मोगरा_सॅनमटेओ
विचारलंतच. त्यात १० टक्के परवडणाऱ्या घरांची अट होती. तेवढं वाचलं, वाटलं छान आहे, आणि 'हो'वर खूण केली. उंचीचं कलम नंतर कळलं. त्या ४३ मधलं एक माझं आहे.